आर्थिक वर्षाची अखेर बदलताना : कायदा, हिशेब आणि संगणक

कंपनीचे आर्थिक वर्ष कोणत्या तारखेस संपते, यावर तिचा ताळेबंद, लेखापरीक्षण आणि वार्षिक सर्वसाधारण सभेचे वेळापत्रक अवलंबून असते. संगणकावर ही तारीख बदलणे काही क्षणांचे काम असले, तरी त्यापूर्वी कायद्याची आणि हिशेबाची पूर्तता आवश्यक ठरते.

कायद्याची चौकट

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २ (४१) नुसार आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते. परदेशी कंपनीची धारक, उपकंपनी वा सहयोगी असलेल्या कंपनीस, एकत्रित हिशेबासाठी भारताबाहेर निराळे वर्ष पाळणे आवश्यक असल्यास, सवलत मागता येते. पूर्वी ही अनुमती राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण देत असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये हा अधिकार केंद्र सरकारकडे सोपविण्यात आला.

अनुमती मिळाली, तरी प्राप्तिकराची आकारणी मार्चअखेरच्या वर्षावरच होते. वस्तू व सेवा कराचे वार्षिक विवरणपत्रही एप्रिल ते मार्च या काळाचेच असते. त्यामुळे अशा कंपनीस एकाच नोंदींवरून दोन कालावधींचे हिशेब काढावे लागतात.

संक्रमणाचा काळ

वर्षअखेर मार्चवरून डिसेंबरवर नेल्यास मधला कालावधी नऊ महिन्यांचा होतो. घसारा, व्याज आणि भाडे यांची आकारणी तेवढ्याच काळापुरती करावी लागते. कालावधी बदलण्याचे कारण आणि आकडे पूर्णतः तुलनीय नसल्याची बाब वित्तीय विवरणांत नमूद करणे भारतीय लेखामानकांनुसार बंधनकारक आहे.

भारतीय रिझर्व्ह बँक हे याचे ठळक उदाहरण. बँकेचे लेखावर्ष १९४० पासून जुलै ते जून असे होते. ते सरकारच्या आर्थिक वर्षाशी जुळविण्यासाठी २०२०-२१ हे वर्ष जुलै ते मार्च असे नऊ महिन्यांचे ठेवण्यात आले. त्या नऊ महिन्यांसाठी बँकेने केंद्र सरकारला ९९,१२२ कोटी रुपयांचे अधिशेष दिले. आधीच्या बारा महिन्यांचा आकडा ५७,१२८ कोटी रुपये होता. कालावधी लक्षात न घेता हे दोन आकडे शेजारी मांडल्यास निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो.

संगणकावरील बदल

'टॅली'सारख्या प्रणालीत कंपनी उघडताना आर्थिक वर्षाचा आरंभ आणि हिशेबवह्यांचा आरंभ अशा दोन तारखा विचारल्या जातात. जुन्या नोंदी असलेल्या कंपनीत या तारखा थेट बदलल्यास लेखापरीक्षण पूर्ण झालेल्या वर्षांचे अहवाल वेगळ्या कालावधीचे दिसू शकतात.

म्हणून प्रथम संपूर्ण माहितीची प्रत सुरक्षित ठेवावी. बँकेचा ताळमेळ आणि तेरीज तपासून जुना कालावधी बंद करावा. त्यानंतर संक्रमणकाळाचा ताळेबंद तयार करावा आणि त्यातील अखेरच्या शिलका नव्या वर्षाच्या आरंभीच्या शिलकांशी रुपया-पैशापर्यंत पडताळून पाहाव्यात.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक असून ही सोय बंद करता येत नाही. वर्षअखेर बदलताना जुन्या नोंदींत केलेली दुरुस्तीही त्यामुळे लेखापरीक्षकांच्या नजरेस येते. अनुमतीचा आदेश आणि संचालक मंडळाचा ठराव हिशेबांसोबत जतन केल्यास त्या बदलाचा खुलासा करणे सुलभ होते.