वाटीभर गाळ

नांदगाव नावाची गावं ह्या महाराष्ट्रात एकंदर किती, याचा हिशेब टपालखात्याने एकदा जाहीर करून टाकावा, अशी माझी फार जुनी मागणी आहे. आमच्या एकट्या अमरावती जिल्ह्यातच दोन मोठी नांदगावं. एक नांदगाव खंडेश्वर आणि दुसरं आमचं नांदगाव पेठ. तिसरं पार तिकडे नाशिक जिल्ह्यात, तालुक्याचं गाव. मनमाड त्याच तालुक्यात येतं. छत्तीसगडात राजनांदगाव आहे, पण त्याने नावामागे 'राज' लावून आम्हा गरीब नांदगावांशी असलेलं नातं केव्हाच तोडलं. मी बँकेत नवा होतो तेव्हा आमच्याकडच्या एका सोयाबीनवाल्याचा ड्राफ्ट नाशिकच्या नांदगावी गेला, तिथली हवा खाऊन अकराव्या दिवशी परत आला. तो सोयाबीनवाला पुढे कितीतरी दिवस मला पाहिलं की विचारी, "काय साहेब, कोणत्या नांदगावचे तुम्ही?"

हे नाशिककडचं नांदगाव तेवढं लक्षात असू द्या. पुढे त्याचं काम आहे.

आज मी एका वाटीचा इतिहास सांगणार आहे. कॉमर्सच्या माणसाने इतिहास सांगू नये असा कुठे नियम नाही. शिवाय ही वाटी आमटीची नव्हे. जुन्या डिझेलगाड्यांना इंजिनाच्या कुशीत एक पंप असे, त्या पंपाच्या बुडाशी ही लहानशी वाटी. आत नाण्याएवढी जाळी. टाकीतून येणारं डिझेल आधी ह्या जाळीतून जायचं, मग दोन डब्यांतून, एकात कापडाचा फिल्टर नि दुसऱ्यात कागदाचा, आणि मगच पुढे मोठ्या पंपात. इतके उंबरे तर आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जालाही ओलांडावे लागत नाहीत.

माझी नि त्या वाटीची ओळख झाली २०११ च्या फेब्रुवारीत, पहाटे चार वाजता. फोन वाजला. पलीकडे साळा.

"भाऊजी, गाडीनं एअर घेतली ना जी."

माझं लग्न तेव्हा नवं होतं. नव्या जावयाने अज्ञान दाखवू नये, एवढं मला कळत होतं. म्हणून गाडीने हवा खाल्ली तर बरंच झालं की, हे वाक्य मी गिळलं नि म्हणालो, "असं? किती घेतली?"

साळ्याची जुनी पिकअप परतवाड्याहून मृगाची संत्री भरून नागपूरच्या कळमना बाजाराला निघाली होती. सकाळच्या लिलावाला माल पोचला तर भाव, नाही तर जो मिळेल तो. गाडी आमचं गाव ओलांडून नागपूरच्या अंगाला एका बाभळीखाली उभी राहिली होती. मी बॅटरी, बादली आणि कपडे धुवायच्या पावडरचा पुडा घेऊन निघालो. पुडा का घेतला म्हणाल, तर फोनवर साळा म्हणाला होता, "फिल्टर धुवा लागते बहुतेक." धुणं म्हटलं की पावडर. यात माझं कुठे चुकलं, हे मी आजही बायकोला विचारतो.

आम्ही दोघांनी दोन्ही डबे उघडले. कापडाचा फिल्टर काळा, कागदाचाही काळा. मी पावडरीचा फेस केला आणि दोन्ही असे धुतले, की पांढरे नाही तरी राखाडी निघाले. मला केवढं समाधान झालं! परत बसवले. साळ्याने चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, एकदा शिंकली आणि गप्प बसली. चावी फिरवता फिरवता बॅटरीही बसली. फटफटीत उजाडलं. रस्त्याने जाणारे ट्रकवाले संत्र्यांकडे नि आमच्याकडे सारख्याच दयेने पाहात गेले.

सात वाजता मिस्त्री आले. लुंगीवर स्वेटर आणि हाती अवजारांचा डालडाचा डबा. डबा उघडून त्यांनी तो भिजून फुगलेला कागदी फिल्टर वर काढला. धुतलेल्या पँटीच्या खिशातून पासबुकाचा लगदा काढून एखादा खातेदार माझ्यापुढे ठेवतो, तेव्हा मी त्याच्याकडे कसा पाहतो ते मला त्या क्षणी कळलं. कारण मिस्त्री माझ्याकडे तसंच पाहात होते.

"पाण्यानं धुतला? कागदाचा?"

"साबणाने," साळ्याने माहिती पुरवली. सासरची माणसं अशा वेळी खरं बोलतात.

"साहेब, तुमच्या बँकेत नोटा साबणानं धुता काय? कापडाचा धुतात, थोबी डिझेलमंधी. कागदाचा फेकाचा रायते."

मग ते कामाला लागले, आणि मी बाजूच्या दगडावर बसून, एवढ्याशा फिल्टरचं हे सोवळं आलं तरी कुठून, याचा विचार करू लागलो. तेव्हा उत्तर सापडलं नाही. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणून शोधलं, ते असं.

रुडॉल्फ डिझेल हा जर्मन माणूस, पण जन्मला पॅरिसात, १८५८ साली. त्याच्या काळी राज्य होतं वाफेचं. शंभर रुपयांचा कोळसा जाळावा तेव्हा जेमतेम दहा रुपयांचं काम पदरात पडे. असलं खातं कोणती बँक चालवील? डिझेलला हे सोसलं नाही. हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानेच तापेल, आणि तिच्यात इंधन सोडलं की ठिणगीवाचून पेटेल, अशी त्याची कल्पना. १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाची रीतसर परीक्षा झाली. शंभरातले सव्वीस रुपये कामी लागले. आमच्या मॅट्रिकला हे नापास. यंत्रांच्या जगात पहिला नंबर. गंमत म्हणजे इंजिनाला काय खाऊ घालायचं याबद्दल गृहस्थ फार उदार होता. पेटंटात त्याने कोळशाच्या भुकटीचाही विचार केला होता. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर त्याच्या तऱ्हेचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललं! आमच्या वऱ्हाडात ते आलं असतं, तर फोडणी की इंजिन ह्यावरून घराघरात भांडणं लागली असती.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आधीच दाबानं फुगलेल्या सिलिंडरात तेल घुसवायचं कसं? डिझेल ते हवेच्या जोरावर फुंकून घालीत असे, आणि त्या हवेसाठी निराळा कॉम्प्रेसर लागे. त्यामुळे इंजिन बसे जहाजात नाही तर गिरणीत. ट्रकवर चढवावं तर मालाला जागा उरायची नाही. खुद्द डिझेलला आपलं इंजिन रस्त्यावर मालगाड्या ओढताना पाहायला मिळालंच नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या 'ड्रेस्डेन' बोटीवर जेवला, केबिनकडे गेला आणि नाहीसा झाला. पुढे समुद्रात प्रेत सापडलं. जाण्यापूर्वी बायकोजवळ त्याने एक बॅग देऊन ठेवली होती, आठवड्याने उघड म्हणून. तिच्यात रोख दोन लाख मार्क निघाले, आणि बँकेतली खाती जवळजवळ रिकामी असल्याचे कागद. माणूस गेला कसा, यावर शंभर तर्क आहेत. मी मात्र बँकेतला माणूस. मला ते खात्यांचे कागदच जास्त दिसतात. जगाच्या इंजिनाची गळती त्याने सव्वीसपर्यंत थांबवली, स्वतःची त्याला थांबवता आली नाही.

तेल घुसवायचं कोडं सोडवलं स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने. १९२२ साली त्याने मनावर घेतलं, १९२७ साली पंप कारखान्यातून रांगेने बाहेर पडू लागले. पंप कसला, दागिनाच! एक नळी आणि तिच्यात खालीवर होणारा दट्ट्या. दोघांतली फट मिलिमीटरच्या दोनतीन हजारांश भागाएवढी. आपला केस त्याच्या वीसपट जाड असतो. नळी आणि दट्ट्या एकमेकांवर घासूनच जुळवतात. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. एकदा लावलेलं लग्न ते. एका खेपेला हा दट्ट्या एका थेंबाहूनही कमी डिझेल मोजून पाठवतो, तेही मिनिटाला हजारपाचशे वेळा, न चुकता. अशी रोकड मोजणारा कॅशियर मी अजून पाहिला नाही. आणि त्या दट्ट्याला वंगण कसलं? डिझेलचंच. तेच जेवण, तेच अंगाला लावायचं तेल.

म्हणजे झालं असं, की कोळशाची भुकटीही खाऊ पाहणारं हे इंजिन ज्या पंपामुळे रस्त्यावर आलं, त्याच पंपाने त्याला सोवळं नेसवलं. धुळीचा कण चालत नाही, पाण्याचा थेंब चालत नाही. आमच्या शकुंतलेला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या गाडीला, असले नखरे नव्हते. तिचं मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन मिळेल तो कोळसा खात सत्तर वर्षं वऱ्हाडात हिंडलं. १९९४ साली तिलाही डिझेल इंजिन लागलं. आता तर गाडीच बंद आहे.

आपल्याकडे हे पंप करायला १९५१ साली 'मायको' कंपनी निघाली. बंगलोरला तिचा मोठा कारखाना, आणि पुढे नाशिकला सातपुरात दुसरा. तिथे इंजेक्टर नि त्याची टोकं होतात. नाशकात अजून मायको सर्कल आहे. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण ते मिस्त्री लोकांना कोणी कळवलेलं दिसत नाही. विहिरींवर किर्लोस्करांची इंजिनं धडधडू लागली, १९६९ साली पुण्याहून बजाज टेम्पोची मेटॅडोर आली. आमच्याकडे तर कुठल्याही छोट्या मालगाडीला माणसं मेटॅडोर म्हणू लागली. आणि गावोगावच्या बाभळीखाली एक एक मिस्त्री वाटी पुसत बसला.

आमचेही मिस्त्री आता वाटीपर्यंत आले होते. त्यांनी ती सोडवली आणि ओतून न देता सूर्याकडे धरली, डॉक्टर बाटली धरतात तशी. मला म्हणाले, "या, पाहा." खाली चिखलाचा थर. त्याच्यावर पाण्याचे दोनतीन गोल थेंब, काचेच्या गोट्यांसारखे. पण त्यांचं लक्ष वरच्या डिझेलकडे होतं. त्याला हिरवट झाक होती. त्यांनी बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं.

"रॉकेल हाये."

रेशनचं रॉकेल तेव्हा निळं रंगवलेलं असे, भेसळ ओळखू यावी म्हणून. पिवळसर डिझेलात निळं मिसळलं की हिरवं, हे शाळेतल्या रंगपेटीचंच ज्ञान. सरकारने गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त केलेलं रॉकेल, मधल्या मध्ये डिझेलच्या भावाने खपे. ह्यात दोघं मरत. एक तो चुलीवाला, आणि दुसरा हा दट्ट्या, कारण रॉकेल पातळ, त्याला वंगणाचा गुण नाही. दट्ट्या आपला घासत, झिजत जातो.

साळा तडकला. रात्री डिझेल कुठे भरलं ते त्याला पक्कं आठवत होतं. तो नाव घेणार, तोच मिस्त्रींनी ओला हात वर केला.

"नाव नका घेऊ भाऊ. त्या दुसऱ्या नांदगावकडं काय झालं ते वाचलं ना पेपरात?"

वाचलं होतं. महिनाही झाला नव्हता. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला, जिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत तिथून, जात होते. वाटेत त्यांना भेसळीचा उद्योग चाललेला दिसला. ते थांबले, मोबाइलवर चित्रण करू लागले. भर दिवसा त्यांच्या अंगावर तेल ओतून त्यांना जाळून मारलं. एवढा मोठा अधिकारी, सरकारी गाडीतून फिरणारा.

बाभळीखाली थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मिस्त्रींनी वाटी ओतली, फडक्याने पुसली, जाळी डिझेलमध्ये बुडवून ब्रशने साफ केली. डब्यातून कागदाचा नवा फिल्टर काढला. मग पंपाच्या बाजूचं एक बटण अंगठ्याने दाबू लागले, आणि साळ्याला डब्यावरचा स्क्रू किंचित ढिला करायला सांगितला. स्क्रूखालून आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुडे कमी कमी होत डिझेलची सरळ धार लागली. "निघाली एअर," मिस्त्री म्हणाले. गाडीने घेतलेली हवा ती हीच. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली, चावी फिरवली आणि पिकअप धूर सोडून उठली. साडेनऊ वाजले होते. कळमन्याला माल पोचला तेव्हा लिलाव कधीच आटोपला होता. काय भाव मिळाला ते साळ्याने सासऱ्यांना सांगितलं, मला सांगितलं नाही.

जाण्यापूर्वी त्याने टाकीतलं डिझेल एका बाटलीत काढून माझ्या हातात दिलं होतं. "भाऊजी, तुमचं अक्षर चांगलं हाय. अर्ज तुम्हीच लिहा." त्याच रात्री मी अर्ज लिहिला. मा. जिल्हा पुरवठा अधिकारी यांस, विषय, संदर्भ, नमुना सोबत जोडला आहे, सगळं रीतसर. गिऱ्हाईकाला पंपावर डिझेलची घनता मोजून मागण्याचा हक्क आहे, हेही त्यात घातलं. सही केली. मग ती सही बराच वेळ पाहिली. आमच्या नांदगावात माझी सही ओळखणारे पुष्कळ. अर्ज पाकिटात घातला, पाकीट टेबलाच्या खणात घातलं आणि खण लावून टाकला. साळ्याने दोनदा विचारलं. मी म्हणालो, "कार्यवाही चालू आहे." हे वाक्य मला नोकरीने शिकवलंय.

२०२० पासून डिझेलगाड्यांना बीएस-६ आलं. साळ्याने पुढच्याच वर्षी नवी पिकअप काढली. कर्ज आमच्याच शाखेचं. तिला वाटीबिटी नाही. डिझेलात पाणी आलं की समोर दिवा लागतो, आणि गाडी हात लावू न देता कंपनीच्या वर्कशॉपचा रस्ता धरायला सांगते. रेशनचं निळं रॉकेलही आता आमच्याकडे दिसत नाही. मिस्त्री थकले, मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

बाटली आमच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला साफसफाई निघाली की बायको ती खाली काढते, झाकण न उघडता हुंगते आणि विचारते, "हे फेकू काय?" मी म्हणतो, राहू दे. गेल्या दिवाळीला तिने ती खिडकीतल्या उजेडात धरली. वरचं डिझेल अगदी नितळ झालंय, आणि बुडाशी बोटभर गाळ. "भावाची आठवण म्हणून ठेवली काय?" ती म्हणाली. मी खणाची किल्ली कुठे ठेवलीय ते शोधायला लागलो.