वाळुंज
वाळुंज : (सॅलिक्स टेट्रास्पर्मा; कुल-सॅलिकेसी). उष्ण प्रदेशातही वाढणारा विलो. सह्याद्रीतील ओढ्या-नद्यांच्या काठी आढळतो. पाने लांबट, खालून फिकट. नर व मादी फुले वेगळ्या झाडांवर. सुरतेत लावायचा तर तापीचा गोड्या पाण्याचा काठ निवडावा. सिंगणपोर कॉजवेच्या खाली भरतीचे खारे पाणी येते, तिथे हट्ट करू नये. बी अल्पायुषी, म्हणून लागवड फांद्यांच्या छाटांनी करतात. ओल्या मातीत छाट सहज मुळे धरतो. बियांचा कापूस उडायला नको असेल, तर छाट नर झाडाचेच घ्यावेत. मुळे काठची माती धरून ठेवतात, पण ओलीच्या शोधात फुटक्या गटारांतही शिरतात. घरे व नळ यांपासून अंतर हवेच. छाटणी पानगळीनंतर करावी. क्रिकेटच्या बॅटीचा विलो निराळा, थंड हवेचा.