अमेरिकेचा भूविस्तार आणि गुलामगिरीचा वाद

अमेरिकेने १८०३ मध्ये लुईझियाना हा विस्तीर्ण प्रदेश फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना विकत घेतला. त्यामुळे देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. मात्र या नव्या भूमीत गुलामगिरीला परवानगी द्यावी की नाही, हा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहिला. पुढे प्रत्येक नव्या प्रदेशाच्या वेळी तो अधिक तीव्र होत गेला.

१८१९ मध्ये संघराज्यात गुलामगिरी असलेली ११ व नसलेली ११ राज्ये होती. सिनेटमधील हा समतोल टिकावा म्हणून १८२० च्या तडजोडीनुसार मिसूरीला गुलामगिरीसह आणि मेनला गुलामगिरीविना प्रवेश देण्यात आला. लुईझियानाच्या उर्वरित भागात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी घालण्यात आली. ही भूमी निर्मनुष्य नव्हती, याचा मात्र या वाटाघाटींत फारसा विचार झाला नाही. आग्नेयेकडील चेरोकी लोकांना १८३० च्या कायद्यानंतर आपली भूमी सोडावी लागली व १८३८-३९ मधील सक्तीच्या स्थलांतरात त्यांच्यापैकी हजारो जण मरण पावले.

याच काळात सुधारणेच्या चळवळी जोर धरीत होत्या. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३१ मध्ये बोस्टनमध्ये 'लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक सुरू केले. जुलै १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. मताधिकाराचा ठराव अनेकांना अतिरेकी वाटला; एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी त्याचा आग्रह धरला आणि गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांच्या पाठिंब्यामुळे तो संमत झाला.

त्याच वर्षी मेक्सिकोबरोबरचे युद्ध संपले व कॅलिफोर्नियासह मोठा भूभाग अमेरिकेला मिळाला. तेथे गुलामगिरीला बंदी घालण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहाने मंजूर केला होता, परंतु सिनेटने तो मान्य केला नाही. अखेर १८५० मध्ये कॅलिफोर्नियाला गुलामगिरीविना प्रवेश मिळाला, तर दक्षिणेच्या समाधानासाठी पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा कडक करण्यात आला. या कायद्यातील एक तरतूद बोलकी आहे. पकडलेल्या व्यक्तीला मालकाच्या हवाली केल्यास आयुक्ताला १० डॉलर, आणि मुक्त केल्यास ५ डॉलर शुल्क मिळे. आरोपीला स्वतःची साक्ष देण्याची मुभा नव्हती. उत्तरेतील जे नागरिक आजवर या वादापासून अलिप्त होते, त्यांच्या दाराशी गुलामगिरी आता येऊन ठेपली.

१८५४ च्या कायद्याने मिसूरीची सीमारेषा रद्द झाली आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंच्या वसाहतकारांत रक्तपात सुरू झाला. १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले. एकूण ११ राज्ये फुटली. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ याच कार्याबद्दल अमेरिकेतील जनतेला अर्पण केला.

१८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली, पण तीत स्त्रियांचा समावेश नव्हता. सिनेका फॉल्सचा ठराव राज्यघटनेत उतरण्यास १९२० साल उजाडावे लागले.