ठेकेदार काम धड करेल का? आधीच अंदाज बांधण्याचं गणित

दिग्रस : भूमिपूजन झालं, नारळ फुटला, गिट्टीचे ढीग पडले आणि ठेकेदार दिसेनासा झाला. खेड्यात ही गोष्ट कुणाला नवी नाही. असा ठेकेदार काम देण्याआधीच ओळखता येतो का, यावर जगात साठेक वर्षांपासून आकडेमोड सुरू आहे.

आपल्याकडे ई-निविदेत दोन लिफाफे असतात. तांत्रिक लिफाफ्यात नोंदणीचा वर्ग, अनुभव, मशिनरी बघतात. त्यात पास झालेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. मोठ्या कामात निविदा क्षमताही काढतात. मागच्या 5 वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षाची उलाढाल, गुणिले नव्या कामाची मुदत वर्षांत, गुणिले साधारण 2, आणि त्यातून हाती असलेली कामं वजा. समजा उलाढाल 4 कोटी, मुदत 1 वर्ष आणि हातात 5 कोटींची कामं आहेत. 8 वजा 5, म्हणजे आणखी 3 कोटींपर्यंतचंच काम झेपेल. हे सूत्र ‘किती’ झेपेल ते सांगतं. ‘कसं’ करेल ते सांगत नाही.

ती उणीव भरायला संख्याशास्त्र आलं. अमेरिकेत एडवर्ड ऑल्टमन यांनी 1968 मध्ये 66 कंपन्यांचे ताळेबंद घेतले, निम्म्या बुडालेल्या आणि निम्म्या टिकलेल्या. 5 गुणोत्तरांवरून बुडणारी कंपनी आधीच ओळखण्याचं सूत्र त्यांनी मांडलं. पुढे 1992 मध्ये रसेल आणि जसेल्स्किस यांनी खास बांधकाम ठेकेदारांसाठी, काम देण्याआधीच अपयशाची शक्यता काढणारं मॉडेल केलं.

मॉडेल म्हणजे काय, हे सोयाबीनवाल्याला समजवायला नको. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतात. 70 उगवले तर बियाणं चालतं, पण नेमका कोणता दाणा उगवणार हे कुणी सांगू शकत नाही. इथंही तसंच. जुन्या शेकडो कामांची नोंद घ्यायची : दर किती टक्के कमी भरला, हाती किती कामं होती, डांबर प्लांट किती लांब, आधीची कामं किती रखडली. त्यावरून अशा ठेकेदारांपैकी 100 मागे किती जण अडकतात, एवढं कळतं.

यासाठी लागणारा कच्चा माल देशात जमा होऊ लागला आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्याकडेच 5 वर्षं देखभाल असते. ई-मार्ग प्रणालीत रस्त्याची स्थिती फोटोसह नोंदली जाते आणि देखभालीचे पैसे त्यावर ठरतात.

पण नोंद चुकली की अंदाजही चुकतो. काम रखडलं की ठपका ठेकेदारावर येतो. बिल वेळेवर मिळालं का, हे त्या रकान्यात नसतं. 2025 मध्ये थकीत बिलांसाठी राज्यातल्या कंत्राटदार संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. ही थकबाकी हिशेबात धरली नाही तर सरकारी उशीर ठेकेदाराच्या नावावर चढतो.

दुसरी अडचण जमिनीची. दिग्रस, दारव्हा, आर्णी पट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. मुरमाड भागातला रस्ता आणि काळीतला रस्ता एकाच मापानं मोजला तर काळीत काम करणारा विनाकारण नापास होईल.

तिसरी, आणि सगळ्यांत अवघड, पेटी कंत्राटदाराची. निविदा एकाची, रोलर दुसऱ्याचा. (पेटीवाल्याचं नाव कागदावर कुठंच नसतं.) मग मॉडेल मोजणार कुणाला?

लहान कामं तर सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात 33:33:34 प्रमाणात वाटली जातात. नव्या अभियंत्याची जुनी नोंदच नसते. नोंद नाही म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून नोंद नाही, असं चक्र फिरत राहील. लहान कामांसाठी मॉडेलपेक्षा शाखा अभियंत्याची फेरी जास्त उपयोगाची.

दर फारच कमी भरला तर जादा अनामत घ्यायची पद्धत राज्यात आहे. पडलेल्या दराकडे धोक्याची खूण म्हणून बघण्याचा तो साधा प्रकारच.

गावकऱ्यांकडून नोंदीत भर पडू शकते. ग्रामसडकच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि देखभालीची मुदत असते. मुदतीत रस्ता उखडला तर ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागता येते.