पाट्यांवरून स्प्रिंगांवर

किनवट तालुका 1956 मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडकडे गेला. तलमडुगू परिसरातल्या आम्हा मराठी घरांची सोयरीक मात्र दोन्हीकडे राहिली आणि मधली काळी माती गाडीच्या पुढच्या चाकांची परीक्षा घेत राहिली.

महिंद्रांच्या जुन्या जीपची पुढची चाके एकाच अ‍ॅक्सलला, पाट्यांवर; एक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमिअरच्या फियाट 1100 ला, म्हणजे नंतरच्या पद्मिनीला, पुढे कॉइल स्प्रिंगा होत्या. प्रत्येक चाक आपला धक्का आपणच झेली.

आज ही गाडी सुधारताना आखूड, कडक स्प्रिंगांचा मोह टाळावा. झिजलेले बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर आधी बदलावेत. जुने टिकवायचे तर त्याचा मूळचा लवचीकपणा राखलाच पाहिजे.