दुसऱ्याच्या लेकरावर हात

आमच्या भागातली जुनी माणसं एक गोष्ट अजूनही अभिमानानं सांगतात. आमच्या वेळी पोर एका घरचं नव्हतं, सगळ्या गावचं होतं. बोरं पाडताना सापडलं की कुणीही कान पिळायचा. घरी जाऊन रडलं तर बाप विचारायचा, "तू काय केलं होतंस?" आणि वरून आणखी एक द्यायचा. आता कुणाच्या पोराला 'अरे' म्हटलं तरी आईबाप भांडायला येतात, म्हणून पोरं बिघडली. पारावर हे बोलणं मी शंभरदा ऐकलंय. त्यातलं खरं किती आणि सोयीचं किती, हे एकदा मांडून बघायला पाहिजे.

जांबच्या माणसानं सुरुवात समर्थांपासूनच करावी. 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. पोर हूड. झाडावर चढायचं, पाण्यात उड्या मारायच्या, गावभर हुंदडायचं. वडील लवकर गेले. घरात आई राणूबाई आणि थोरले भाऊ गंगाधर. आई एकदा रागावली, दिवसभर उनाडतोस, घरची काही काळजी आहे का? तर पोरगं अंधाऱ्या जागी लपून बसलं आणि सापडल्यावर म्हणालं, मी साऱ्या जगाची काळजी करतोय. ही आख्यायिका आहे, इतिहासाचा कागद नव्हे. पण पिढ्यानपिढ्या ती सांगणाऱ्यांनी त्यात एक चापटसुद्धा घातली नाही, हे मला मोठं वाटतं.

शाळेत मात्र छडीचंच राज्य होतं. जुन्या पंतोजींच्या शाळांत ओणवं उभं करणं, अंगठे धरायला लावणं, हात बांधून आढ्याला टांगणं, असे शिक्षेचे नाना प्रकार होते. आम्ही निजामाच्या राज्यातले. 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव शाळा वाढल्या. पाटी बदलली, फोक तोच राहिला. बाप पोराला शाळेत नेऊन म्हणायचा, "गुरुजी, चमडी तुमची, हाडं आमची." त्या बोलण्यात विश्वास होता तशी लाचारीही होती. गावात शिकलेला माणूस एकटा तोच, पोराचं नशीब त्याच्या हातात. त्याला कोण काय बोलणार?

सगळेच गुरुजी तसे नव्हते. साने गुरुजी 1924 पासून अमळनेरला शिकवत होते, तिथलं छात्रालयही त्यांच्याकडं होतं. पोरांनी खोली घाण ठेवली तर ते स्वतः झाडायचे, कपडे पडलेले दिसले तर धुऊन टाकायचे. पोरं लाजून सुधारायची. सगळी दुसऱ्यांचीच लेकरं होती ती. त्याच साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात पोहायला भिणाऱ्या श्यामला आई मारून पाठवते, आणि नंतर वळ बघून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. आईचं मारणंही मी बरोबर म्हणणार नाही. पण मारणारी आणि रडणारी तिथं एकच होती. परक्याच्या हाताला हे जमत नाही. तो मारून मोकळा होतो, वळ बघायला दुसरं कुणीतरी लागतं.

आता शेतातलं सांगतो. आमच्या लहानपणी ऊस मोडताना पोरं सापडली की धनी आधी विचारायचा, "कुणाचा रे तू?" पोर मोठ्या घरचं निघालं तर हसून म्हणायचा, "जा घरी, आबांना सांगतो तुझ्या." सालगड्याचं पोर असलं तर तुराटी पाठीवर पडायची. बाप तिथं हात जोडून उभा राहायचा आणि मग धन्यासमोर स्वतःही दोन ठेवून द्यायचा. पारावरचे ज्याला शिस्त म्हणतात ती बऱ्याचदा ही होती. त्या बापाला पोराचा राग नव्हता, पुढच्या पाडव्याला साल मोडेल याची भीती होती. गावचं पोर म्हणून सगळ्यांनी मारलं खरं, पण गावातली सगळी पोरं काही मारली गेली नाहीत. पाटलाच्या पोराचा कान सालगड्यानं पिळल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

हे जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. जून 2018 मध्ये जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावी मातंग समाजाची पोरं एका विहिरीत पोहली. त्यांना नागडं करून पट्ट्यानं आणि काठीनं मारलं, वर त्याचा व्हिडिओ काढून पसरवला. अॅट्रॉसिटीचा आणि लहान मुलांच्या संरक्षणाचा, दोन्ही कायदे लागले, अटका झाल्या. उन्हाळ्यात विहिरीत पोहायचा मोह कुठल्या पोराला होत नाही? आम्हीही पोहलोच की.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. मंगळवेढ्याकडची भिक्षा मागणारी माणसं ती. त्या वर्षी परक्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायलाही माणूस भ्यायला लागला. म्हणजे एकीकडं दुसऱ्याच्या पोराला मारायला हात उठतो आणि दुसरीकडं मायेनं जवळ घ्यायचीही चोरी.

कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शाळेतली छडी बंद केली. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. जुन्या दंडसंहितेतलं 89 वं कलम आता न्याय संहितेत 28 वं झालंय. बारा वर्षांच्या आतल्या लेकराच्या भल्यासाठी पालकानं किंवा त्याच्या संमतीनं चांगल्या हेतूनं केलेल्या गोष्टीला, काही मर्यादा घालून, ते सूट देतं. त्यात शेजाऱ्याचं किंवा विहिरीच्या मालकाचं नाव नाही. आणि भीतीनं जोडलेल्या हातांना संमती म्हणत नाहीत.

मग दुसऱ्याचं पोर वाया जाताना गप बसून बघायचं का? मुळीच नाही. पारावरच्यांचं तेवढं खरं आहे, गावाचं लक्ष पोरांवर पाहिजे. आमच्याकडं बिनकठड्याच्या विहिरी आहेत, मोटारीच्या उघड्या वायरी आहेत, फवारणीचे डबे उघडे पडलेले असतात. तिथं पोर दिसलं तर ओरडायलाच पाहिजे, मग ते कुणाचंही असो. हाताला धरून बाजूला काढावं, घरी पोचवावं, बापाजवळ खाली बसून सांगावं. बाप भांडला तर भांडू द्यावं. उद्या त्यालाच पटेल.

फक्त काठी उचलायची इच्छा झाली तर एक विचारून बघावं, हेच पोर पाटलाचं असतं तर मी मारलं असतं का? उत्तर 'नाही' आलं, तर काठी खाली ठेवावी. आणि 'हो' आलं, तरी ठेवावीच, कारण तेही कुणाचं तरी लेकरूच आहे.