बाल कल्याण समितीपुढे मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकांनी काय विचारावं?

आई-वडील नसलेलं नातवंड आजीकडे राहणार की बालगृहात? काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत असे निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात.

गृहचौकशीत काय सांगावं?
मूल समितीपुढे आल्यावर १५ दिवसांत गृहचौकशी आणि चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असं कायदा सांगतो. चौकशीत पैशांची अडचण लपवू नये. संस्थेत ठेवणं हा कायद्याने शेवटचा पर्याय मानला आहे. शिवाय राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळू शकते. त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतील, हे तेव्हाच विचारावं.

आदेशाची प्रत का मागावी?
निर्णय अनेकदा तोंडी कळतो, पण अपिलाची ३० दिवसांची मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजली जाते. प्रत हातात नसेल, तर ते दिवस वाया जातात. म्हणून प्रत, पुढची तारीख आणि मुलाला भेटण्याची वेळ लेखी मागावी.

समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. मूल संकटात असेल, तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.